जुन्या एमएम ५४०ला पुढे डिस्क ब्रेक: मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि मागच्या ड्रमचं काय करायचं?

खाडीपूल_४०

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४० जीप, १९९६ची, डिझेल, फोर-व्हील ड्राइव्ह. पासिंग एमएच ०४. पुढे अख्खा ॲक्सल आणि पाटे, चारही चाकांना ड्रम, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) नाही. आठवडाभर ठाण्यातच फिरते, सुट्टीला माळशेज नाहीतर कसारा, चार माणसं आणि सामान घेऊन.

घाट उतरताना काही वळणांनंतर पेडल खोल जायला लागतं, जळका वास येतो. गाडी थांबवून गार होऊ दिली की पेडल पुन्हा वर येतं. पावसात साचलेल्या पाण्यातून गेलं की पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. लायनर नवीन आहेत, हवाही काढली आहे.

पुढे डिस्क टाकायची आहे. गॅरेजवाले म्हणतात, ड्रम काढायचा, ब्रॅकेट, डिस्क, कॅलिपर (डिस्कला पॅडने दोन्हीकडून चिमटणारा भाग) लावायचे, झालं. बाकी कशाला हात लावायचा नाही. एवढंच असतं का? पेडलच्या जोरावर तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर तोच चालेल? बूस्टर लागतोच का? मागचे ड्रम ठेवले तर काही बिघडतं का? कामाचा क्रमही सांगा.


पाना_बारा

एवढंच नसतं. कॅलिपर बसवणं हे त्यातलं सोपं काम. डिस्कला दाब कुठून मिळणार हे आधी ठरवा, मग ब्रॅकेटकडे वळा.

ड्रममध्ये पुढचा शू (लायनर लावलेली कमान) ड्रमला टेकला की फिरणारा ड्रमच त्याला आणखी आत ओढतो. म्हणजे पायाने दिलेल्या जोरात ड्रम स्वतःची भर घालतो. डिस्कमध्ये असं काही होत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबले जातात, जेवढा दाब तेवढाच ब्रेक. म्हणून ड्रमच्या मास्टर सिलिंडरवर नुसती डिस्क लावली की पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबत नाही. असं काम करून पस्तावलेले लोक डिस्कला नावं ठेवतात. डिस्कचा त्यात काही दोष नसतो.

हिशोब करून पाहा. बूस्टर नसलेल्या गाडीत पेडलचा लिव्हर साधारण ६ ला १ असतो. पायाने ३० किलो जोर दिला तर पुशरॉडवर (पेडलपासून मास्टरकडे जाणाऱ्या दांडीवर) १८० किलो येतो. मास्टरचा बोअर (आतला व्यास) २५.४ मिमी धरला तर पिस्टनचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे लाइनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो दाब. डिस्कने जोरात थांबायचं तर ७०-८० लागतो. निम्म्यातच आहात.

बोअर २२.२ मिमी केला तर त्याच जोरावर दाब सुमारे ३० टक्के वाढतो, ४६ पर्यंत जातो. पण तेवढंच तेल ढकलायला पेडलही तितकंच जास्त खाली जातं, आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्यामुळे त्याला तेल आधीच जास्त लागतं. तेव्हा नुसता बोअर कमी करून भागत नाही.

९ इंची बूस्टर लावला, पेडलचा लिव्हर ४ ला १ ठेवला आणि व्हॅक्यूम चांगला असला, तर पायाचे १२० आणि बूस्टरचे जवळपास २५० मिळून ३७० किलो. २५.४च्या बोअरवर ७३ दाब मिळतो. म्हणून उत्तर सरळ आहे: घाटासाठी डिस्क करायची असेल तर बूस्टर आणि टँडम (पुढच्या-मागच्या लाइनला वेगळे कप्पे असलेला) मास्टर सिलिंडर दोन्ही घ्या, तेही एकाच गाडीच्या जोडीतले. एका गाडीचा बूस्टर आणि दुसरीचा मास्टर जुळवायला गेलात की पुशरॉडची लांबी चुकते. पुशरॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये अर्धा ते एक मिमी मोकळीक हवीच. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल टाकीत परतायचं भोक झाकलेलं राहतं आणि तेल तापून फुगलं की ब्रेक आपोआप लागायला लागतात. सकाळी गाडी ठीक, दहा किलोमीटरवर चाकं जाम, ही तक्रार आली की सगळ्यात आधी तिथे बघावं.

मास्टरची टाकीही पाहून घ्या. पॅड झिजत जातात तसं तेल कॅलिपरमध्ये उतरत राहतं, म्हणून डिस्कच्या बाजूचा कप्पा मोठा असतो. लहान कप्प्याची लाइन पुढे जोडू नका.


वागळे_लेथ

वरचा हिशोब बरोबर आहे. आता लोखंडाच्या बाजूचं बोलतो.

आधी एक गोष्ट. गार झाल्यावर पेडल परत वर येतं म्हणजे तेल गळत नाहीये. दोन शक्यता उरतात. एक, ड्रम तापून मोठा होतो आणि शूपासून लांब जातो. दोन, ब्रेक ऑइल जुनं आहे, त्यात पाणी आहे आणि ते उकळतंय. पहिल्यासाठी ड्रमचा व्यास मोजून घ्या. ११ इंची ड्रम मूळ मापापेक्षा साधारण ६० थाऊ, म्हणजे दीड मिमी मोठा झाला की तो टाकाऊ. टर्निंग करून करून पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, जास्त फुगतो. मागचे ड्रम तुम्ही ठेवणार आहात, तेव्हा हे माप त्यांच्यासाठीही लागेल.

किट घेताना पहिला प्रश्न हा विचारा: हे कुठल्या ॲक्सलसाठी आहे? ज्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे तिचा नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा चाकाचा सांधा) तुमच्या अख्ख्या ॲक्सलवर बसणार नाही. बोलेरोचे कॅलिपर सहज मिळतात, त्यांचे पॅड कुठल्याही दुकानात असतात, म्हणून बरेच जण तेच घेतात. कॅलिपर कुठलाही घ्या, ब्रॅकेट मात्र तुमच्या स्टबच्या (चाक ज्यावर फिरतं त्या आसाच्या) भोकांवरच बसला पाहिजे.

ब्रॅकेट १० मिमीपेक्षा पातळ नको. जिथे तो टेकतो ती बाजू सपाट हवी, पेंट खरवडून काढा. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे, शक्यतो १०.९. एम१२चा १०.९ बोल्ट साधारण ११० न्यूटन-मीटरला कसायचा, थ्रेडला लॉकिंग लिक्विड लावून. नकलवर वेल्डिंग करून ब्रॅकेट लावून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या. नकलच्या लोखंडाला तापवून सोडलं की वेल्डच्या कडेला तडा जातो, आणि त्याच नकलवर तुमचं स्टिअरिंगही आहे.

हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) काम नीट करणारा माणूस शोधा. जुन्या जीपच्या हबमध्ये चाकाचे बोल्ट फुलवून पक्के केलेले असतात, ड्रम त्यांच्यातच अडकलेला असतो. ते बोल्ट सरळ हातोड्याने ठोकून काढले तर फुललेला भाग हबची भोकं मोठी करत बाहेर येतो. आधी तो भाग लेथवर किंवा कटरने काढायचा, मग प्रेसवर बोल्ट दाबायचा. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत प्रेस आणि लेथ दोन्ही असलेली बरीच वर्कशॉप आहेत, हे काम तिथूनच करून घ्या. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये नको.

डिस्क हबच्या पुढे बसते की मागे, यावर चाकाच्या बोल्टची लांबी ठरते. पुढे बसत असेल तर डिस्कच्या जाडीइतकं चाक बाहेर सरकतं आणि बोल्ट तेवढा आखूड पडतो. नट बोल्टवर किमान बोल्टच्या व्यासाइतका चढला पाहिजे. कमी चढत असेल तर लांब बोल्ट घाला.

सगळं बसवल्यावर बेरिंगची मोकळीक काढून, डायल गेज लावून डिस्क फिरवा. ०.१ मिमीपेक्षा जास्त डगमग नको. जास्त आली तर डिस्कला दोष देण्याआधी हबचा चेहरा साफ करा. गंजाचा एक कण अडकला तरी काठावर माप दुप्पट दिसतं. ही डगमग तशीच ठेवली तर काही हजार किलोमीटरनंतर डिस्क कुठे जाड कुठे पातळ होते आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात, बहुतेक वेळा ती असमान झिजलेली असते.

रिम १६ इंची असेल तर सहसा अडचण येत नाही, १५ इंचीत कॅलिपर घासू शकतो. पैसे देण्याआधी चाक चढवून हाताने फिरवा. सगळीकडे ३ मिमी तरी फट हवी, आणि बॅलन्सिंगचं वजन आतून कुठे लावलंय तेही बघा.


एमएच४३_डिझेल

बूस्टर घ्या असं सगळे सांगतात. डिझेलला व्हॅक्यूम कुठून येतो ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आपसूक मिळतो. डिझेलला हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून तिथे व्हॅक्यूम नाही. वेगळा पंप लागतो, आणि आपल्याकडच्या जुन्या डिझेल गाड्यांत तो बहुधा अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. तुमच्या अल्टरनेटरला तो नसेल तर पंपवाला अल्टरनेटर घ्यावा लागेल. त्या पंपाला इंजिन ऑइलची बारीक लाइन येते आणि जाड नळीने ऑइल सम्पला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) परत जातं. हे दोन्ही जोड न करता पंप फिरवला तर आतली पाती घासून जातात. परतीची नळी दबली किंवा वाकली तरी पंपात ऑइल साचतं.

इंजिन आयडलला असताना गेजवर ५०० मिमी पाऱ्याच्या वर व्हॅक्यूम दिसला पाहिजे. बूस्टरच्या तोंडावर चेक व्हॉल्व्ह बसवा, आणि साधी रबरी नळी नको, व्हॅक्यूमने न चेपणारी जाड भिंतीची घ्या.

गेज नसेल तर दोन चाचण्या आहेत. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग पाय दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग गाडी दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबून पेडल दाबा. पहिला ब्रेक हलका लागला तर चेक व्हॉल्व्ह धरतोय.

एक लक्षात ठेवा. फॅन बेल्ट तुटला की पंप थांबतो आणि बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनच ब्रेक मिळतात. त्यामुळे यापुढे बेल्ट हा ब्रेकचाच भाग समजा, आणि उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय कोणाला असेल तर ती बंद करा.

आता मागचे ड्रम. बूस्टर लावलात की दाब फक्त पुढे नाही, मागेही दुप्पट जातो. आणि ड्रम स्वतःची भर घालतोच. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, लगेच लॉक होतात. एमएम ५४०चा व्हीलबेस छोटा, गाडी उंच. ओल्या घोडबंदर रोडवर मागची चाकं पुढच्यांआधी लॉक झाली तर गाडी आडवी फिरते. म्हणून मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह हवाच. दुसरा मार्ग मागच्या व्हील सिलिंडरचा (चाकातल्या शूंना ढकलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर कमी करण्याचा: २५.४वरून २२.२ केला तर जोर सुमारे २३ टक्के घटतो. व्हॉल्व्ह बरा, कारण तो फिरवून बसवता येतो. गाडी भरून जाते तेव्हा मागे थोडा जास्त ब्रेक लागतो, त्यामुळे सेटिंग करताना रिकाम्या गाडीवर करा. रिकाम्या गाडीत मागची चाकं आधी लॉक होत नसतील तर भरलेल्या गाडीत होणारच नाहीत.


खाडीपूल_४०

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. सध्याच्या मास्टरच्या तोंडाशी एक छोटा रबरी व्हॉल्व्ह आहे, तो कशासाठी? आणि पाइपलाइन, होस, तेल यात काय काय बदलू? हँडब्रेकवर काही परिणाम होईल का?


पाना_बारा

तो रेसिड्युअल व्हॉल्व्ह. ड्रमच्या लाइनमध्ये तो साधारण १० पीएसआय दाब राखून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबर कप ओठ मिटून बसतात आणि हवा आत जात नाही. डिस्कच्या लाइनमध्ये तो राहिला तर पॅड डिस्कला चिकटलेले राहतात, हब तापतं, ग्रीस वितळून बाहेर येतं, बेरिंग जातं. पुढच्या लाइनमधून तो काढायचाच, मागच्या लाइनमध्ये ठेवायचा. अपवाद एकच: मास्टर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर तेल मागे ओघळू नये म्हणून पुढे २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो. बूस्टरसह फायरवॉलवर बसवत असाल तर त्याची गरज नाही.

पाइप ४.७५ मिमीचा, स्टीलचा किंवा क्युप्रो-निकेलचा, टोकं डबल फ्लेअर केलेली (दुहेरी दुमडून फुलवलेली). साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून लावतात, पण तो कंपनांनी तडकतो. तिन्ही होस नवीन घ्या. जुना होस बाहेरून धडधाकट दिसतो, आतून सुजून बंद झालेला असतो. तेल जाताना जातं, येताना अडकतं, आणि एकच चाक धरून बसतं. होस बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, मग चेसिसखाली घोड्या लावून ॲक्सल लोंबकळत ठेवा आणि पुन्हा फिरवा. होस कुठे ताणला जाऊ नये, टायरला लागू नये. होस कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टला दोन तांब्याचे वॉशर असतात, दोन्ही दर वेळी नवीन.

तेल डॉट ४. नवीन डॉट ३ साधारण २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० अंशांना. पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५वर येतात. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत बाटली उघडी ठेवू नका, उरलेलं पुढच्या वर्षी वापरू नका. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. नावात डॉट ५ असलेलं सिलिकॉनचं तेल घेऊ नका, ते यात मिसळत नाही. टाकीत चुकून स्टिअरिंग ऑइल किंवा इंजिन ऑइल गेलं तर नुसतं काढून भागत नाही, सगळे रबर फुगतात, सगळे बदलावे लागतात.

हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असेल तर पुढच्या कामाशी त्याचा संबंध नाही. मागच्या ड्रममध्ये असेल तरी ड्रम राहतायत, तेव्हा अडचण नाही.

क्रम असा ठेवा: आधी बूस्टर, मास्टर, व्हॅक्यूम पंप लावून जुन्या ड्रमवरच गाडी सावकाश चालवून बघा. ब्रेक हलका लागतो का, पंप धरतो का, गळती कुठे आहे का. रेसिड्युअल व्हॉल्व्ह या टप्प्यात दोन्ही लाइनला राहू दे. हे पक्कं झालं की एका दिवशी दोन्ही बाजूंचे हब आणि कॅलिपर. एक बाजू डिस्क, एक बाजू ड्रम अशी गाडी गॅरेजच्या बाहेर काढायची नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. शेवटी मागचे शू जवळ घेऊन हवा काढा. मागचे शू सैल असतील तर पेडल खोल जाणार आणि तुम्ही पुढच्या डिस्कमध्ये हवा शोधत बसणार.


वागळे_लेथ

हवा काढण्याचं एक राहिलं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे, असं बसवलेलं बऱ्याचदा दिसतं, कारण बसतो तसाही. मग ब्लीडर निपल (हवा काढायचं तोंड) खाली येतं आणि हवा वर अडकून राहते. दोन लिटर तेल घालवा, पेडल स्पंजीच राहणार. निपल नेहमी वरच्या बाजूला. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं चाक सगळ्यात लांब, तिथून सुरू करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून मगच पॅड लावा. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनला फक्त सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, साधं बेरिंगचं ग्रीस रबर बूट फुगवतं. ऐरोली-कोपरखैरणेसारख्या खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर पिन काढून साफ कराव्यात. पिन अडकली की आतला पॅड संपतो, बाहेरचा नवाच राहतो. भोकं पाडलेल्या डिस्कचा मोह टाळा, घाटात तापून भोकांपासून तडे जातात. साधी व्हेंटिलेटेड डिस्क या गाडीला पुरते.


एमएच४३_डिझेल

पॅड बसवल्यावर त्यांना डिस्कशी जुळू द्या. रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर ५०-६०च्या वेगावरून १०पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, मग अर्धा किलोमीटर गार होऊ द्यायची, असं आठ-दहा वेळा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी करू नका, पॅडचा ठसा उमटतो. नंतर मोकळ्या ओल्या जागेवर ३०-४०च्या वेगावरून मागची-पुढची चाकं कोणती आधी लॉक होतात ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगून व्हॉल्व्ह बसवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर विरुद्ध बाजूचा कॅलिपर आधी तपासा: पिन, होस, पॅडवर ग्रीस. मुंब्रा बायपासचा उतार ट्रकांनी भरलेला असतो, तिथे चाचणी नको.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोर धरलं. तुमची गाडी दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला जाते. काम करण्याआधी ठाणे आरटीओला आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारून उत्तर फायलीत ठेवा. बदललेल्या भागांची बिलंही जपा.

आणि डिस्क झाली तरी माळशेज उतरताना गिअर तोच, ज्या गिअरने चढता. डिस्क पाणी लवकर झटकते, तापलेली लवकर गार होते, पण गाडीचं वजन मागच्या ड्रमवर आणि टायरवरही आहे. टायर पाच-सहा वर्षांपेक्षा जुने, कडक झालेले असतील तर त्यांचा खर्च याच कामात धरा. किट घेण्याआधी स्टबच्या भोकांमधलं अंतर आणि हबचा फोटो इथे टाका, ब्रॅकेट बसेल की नाही ते माप बघून सांगता येईल.